येरमाळ्याहून शांताक्का बोलतेय

"लग्नाच्या मंडपासाठी पायजे का, मावशी? केटरिंगवाले हेच नेतात. जोडीनं येतंय."

सोलापुरातल्या दुकानदारानं काउंटरवर दोन वॉकीटॉकी ठेवले. शांताक्कांनी आधी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. गुडघे भरून आले होते. आधीच्या दुकानात एफएम रेडिओ दाखवला होता, त्याच्या आधीच्या दुकानात देवळातला माइक.

"मला हॅम रेडिओ पाहिजे. हौशी लोकांचा असतो तो. आपण घरातून बोलायचं, लांबचा माणूस उत्तर देतो. सरकारी परवाना आहे माझ्याकडं. परीक्षा देऊन काढलाय."

"परीक्षा? तुमी दिली?"

"न्हाई, माझ्या म्हशीनं."

दुकानदार खळखळून हसला, चहा मागवला, पण सेट नव्हता तो नव्हताच. येरमाळ्याला परतताना एसटीत खिडकीला डोकं टेकून शांताक्का झोपून गेल्या. स्टँड आल्यावर कंडक्टरनं उठवलं.

शांताक्का भूमच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या. ईट गावच्या कांदेवाल्याला अडत्या जोडून द्यायचा, कुणाच्या बाळंतपणाची खबर पुण्याला पोचवायची, कुणाची रडारड ऐकत लाइन धरून बसायचं. दिवसभर कानात माणसंच माणसं. मग आपोआप फोन लावणारं यंत्र आलं आणि शांताक्का बिलाच्या खिडकीत जाऊन बसल्या. पुढं स्वेच्छानिवृत्ती. लग्न राहूनच गेलं होतं. आता येरमाळ्यात दोन खोल्या, वर पत्रा, आणि बोलायला शेजारची हमिदाबी. ती लेकीकडं गेली, की शांताक्कांना दिवसभरात स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नसे. ऑफिसातल्या एका जुन्या साहेबांनी या रेडिओचं वेड सांगितलं होतं. त्यावरून त्यांनी पुस्तकं मागवली, अभ्यास केला, परीक्षा दिली. परवाना हातात पडायला मात्र इतका वेळ लागला, की वाचलेलं अर्धंअधिक विसरूनही गेल्या.

मागणं एवढंच होतं. लांबून कुणीतरी एकदा म्हणावं, "हं, बोला."

सेट शेवटी कळंबला मिळाला. पाण्याच्या जळक्या मोटारी दुरुस्त करणारे उमाशंकर नावाचे रिवाइंडिंगवाले स्वतः जुने हॅम होते. नवा सेट घेतल्यामुळं जुना द्यायचा होता. त्यांनी आधी शांताक्कांचा परवाना मागितला, चष्मा लावून नीट वाचला, आणि मगच सेटवरचं फडकं काढलं.

"राग मानू नका, अक्का. परवाना बघितल्याबिगर सेट दाखवायचा न्हाई, अशी रीत आहे आमच्यात. मुलगी दाखवल्यासारखं आहे हे."

"तेवढं बरंय. मला कुणी दाखवलंच न्हाई कधी."

उमाशंकर मिशीतल्या मिशीत हसले. वायरी कशा जोडायच्या, पत्र्यावर अँटेना कशी उभी करायची, सगळं समजावलं. "संध्याकाळी सातला आम्ही चारपाच जण जमतो. बार्शीचे ज्ञानोबा सर असतात, मी असतो. या माइकचं बटण दाबायचं आन् बोलायचं. सोपं आहे."

अँटेना उभी राहिली. पहिल्या संध्याकाळी हमिदाबी खास बघायला आली. शांताक्कांनी पदर सारखा केला, मोबाईल बंद करून ठेवला, सेट चालू केला आणि लगेच बटण दाबलं. आधी परवान्यावर दिलेली आपली ओळखखूण सांगितली, मग म्हणाल्या, "येरमाळ्याहून शांताक्का बोलतेय. कुणी ऐकतंय का?"

काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. अंगठा दुखायला लागला.

"दाबूनच धरायचं क्या ये?" हमिदाबीनं विचारलं.

"मग? सोडलं की लाइन तुटंल की."

हमिदाबीनं आपल्या वेणीचं रबर काढलं आणि माइकला बटणावरून दोन वेढे दिले. "ले. आता बोल आरामात."

शांताक्का बोलत राहिल्या. हमिदाबी मटकी निवडत राहिली. सेट गप्प.

दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी हमिदाबी वैतागली. "अक्का, त्या कळंबवाल्यानं फसवलं तुला. त्याच्या मिशीचा मोबाईलवरचा फोटू बघूनच वळखलं होतं मी. उठ, जेवून घे."

"भूक न्हाई गं." शांताक्का भिंतीला टेकल्या. "मला दुसरं काय पाहिजे होतं? नुसतं एकदा कुणी उलट बोलायला पाहिजे होतं. आता दमले मी. उद्या नेऊन देते परत. हे खूळच नको."

त्यांनी सेट बंद केला आणि तसाच, रबरासकट, पिशवीत भरला.

सकाळी अँटेना उतरवायला माणूस शोधण्यात वेळ गेला, तो मिळालाच नाही. दुपारची एसटी उशिरा आली. कळंबला उतरून, पिशवी या हातातून त्या हातात घेत शांताक्का दुकानात पोचल्या तेव्हा दिवे लागले होते. पिशवी त्यांनी टेबलावर आदळलीच.

"अण्णा, तुमचा सेट मुका आहे. घ्या परत."

उमाशंकरनी पिशवीतून माइक काढला. त्यावरचं लाल रबर बघितलं आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"अक्का, सेट मुका न्हाई. तुम्ही आम्हालाच मुकं केलं. हे बटण दाबलेलं असलं, की तुमचा सेट नुसता बोलतो. ऐकायचं म्हणलं तर सोडावं लागतं."

"सोडलं की लाइन जाते," शांताक्का ठामपणे म्हणाल्या. "समोरच्याचं बोलणं होईस्तोवर बोर्डात खोचलेली दोरी काढायची न्हाई. जन्मभर तेच केलंय मी."

"ते एक्स्चेंजात. इथं सोडल्याशिवाय दुसऱ्याला जागाच न्हाई. दोन संध्याकाळ आम्ही सगळे 'बटण सोडा, बटण सोडा' म्हणून ओरडतोय. काल फोन केला तर तुमचा मोबाईल बंद."

शांताक्कांचा चेहरा हळूहळू उतरला. "सगळं... ऐकलं?"

"मटकीला भुंगा लागल्याचं ऐकलं. माझ्या मिशीचं ऐकलं." उमाशंकरनी माइकवरचं रबर सोडवून टेबलावर ठेवलं. "नंतरचं पण ऐकलं."

शांताक्का उठल्या. पदर खांद्यावरून ओढून घेतला. "मग तर ठेवूनच घ्या. कुठल्या तोंडानं बोलू मी आता? चार परक्या माणसांसमोर रडगाणं गायलं."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या नव्या सेटमधून खरखर आली आणि एक घोगरा, म्हातारा आवाज. बार्शीचे ज्ञानोबा सर. "उमाशंकर, आज येरमाळ्याच्या बाई न्हाईत का? कालच्याला लई निराश वाटल्या. जेवल्या का, तेवढं विचारायचं होतं."

उमाशंकरनी आपला माइक शांताक्कांपुढं धरला. शांताक्का त्याच्याकडं बघत राहिल्या. मग घेतला, दाबला. इतक्या दुकानांत, इतक्या एसट्यांत जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवेना.

"शांता बोलतेय," एवढंच म्हणाल्या. "कळंबहून. दुपारी भाकरी खाल्ली."

"आता सोडा," उमाशंकर हळूच म्हणाले.

अंगठा निघेना. समोर उतरंडीसारख्या रचलेल्या जळक्या मोटारी होत्या, त्यांच्याकडं बघत शांताक्कांनी श्वास सोडला आणि त्याबरोबर बटणही.

"हं, बोला बोला, ऐकतोय," ज्ञानोबा सर म्हणाले. "भाकरीसंगं काय होतं?"

शांताक्कांनी पुन्हा दाबलं. "ठेचा. पण सर, आज दमलेय मी. तुम्हीच बोला. मी ऐकते."

बटण सोडून त्या स्टुलावर बसल्या. ज्ञानोबा सर बार्शीत लाइट कितीदा गेली ते सांगू लागले, मध्येच कुणीतरी खोकलं, कुणीतरी त्यांना टोकलं. उमाशंकर येरमाळ्याकडच्या शेवटच्या गाडीची वेळ बघायला बाहेर गेले. शांताक्का ऐकत बसल्या.