चहाच्या वेगाचा कॉम्प्युटर

रविवार, दिवाळीनंतरचा दुसरा, सकाळी अकरा. हजर: माझे थोरले दीर, म्हणजे भावोजी, आमच्या यांचे, घोडेगावच्या बैलबाजारात हयात गेलेले मामा, आणि मी. गैरहजर: फ्रीज, कारण तो भावोजींनी बंद केला होता.

मुद्दाम हळू चालणारं यंत्र बनवण्यासाठी जिवाचं रान करणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे, आणि तो आमच्या घरात राहतो. नागापूरच्या कारखान्यात उभा जन्म यंत्रं दुरुस्त केल्यावर माणसानं निवृत्तीत गुलाब लावावेत. भावोजींनी तळहाताएवढा बोर्ड आणला. त्यावरची चिप म्हणे कोरी असते, सांगाल तो कॉम्प्युटर ती होते. भावोजींनी तिला चाळीस वर्षांपूर्वीचा व्हायला सांगितलं. टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्राम वाचणारा. कॅसेट लागली की फ्रीज बंद, मिक्सर बंद, पंखा बंद, कारण विजेची खरखर प्रोग्राममध्ये शिरते म्हणे. एकदा कुकरची शिट्टी झाली, तर म्हणाले, "शिट्टी आत गेली." तारेतून शिट्टी जात नाही हे मला कळतं, त्यांना तर कळतंच. तरी पुढच्या रविवारपासून डाळ पातेल्यात.

कारण कॅसेट एकच. राहात्याला गणित शिकवणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आयुष्यात एकच प्रोग्राम लिहिला, पडद्यावर गाणं वाजवत रांगोळी काढणारा. त्या जाऊन सहा वर्षं झाली. जुना कॉम्प्युटरही गेला, आणि कॅसेटची फीत दर वेळी थोडी झडते.

त्या रविवारी तिसऱ्या प्रयत्नात प्रोग्राम आत गेला. मला कामं लवकर उरकायची सवय. बोर्डावर वेगाचं बटण दिसलं, मी दाबलं. रांगोळी डोळ्याचं पातं लवायच्या आत निघाली आणि तिचं गाणं रातकिड्यासारखं किरकिरलं.

"बघा, किती झटपट," मी म्हणाले.

मामांनी बैलबाजारातली नजर टीव्हीवर रोखली. "पळतंय लई. पन चाल न्हाई."

"चहा टाका," भावोजी म्हणाले. "तिच्या पातेल्यात. तीन कप."

मला वाटलं, रागावले. पण ते मोजमाप होतं. जाऊबाई प्रोग्राम सुरू करून चहा टाकायच्या, आणि कप बाहेर येईतो रांगोळी पुरी व्हायची. भावोजींनी वेग कमी केला. ठिपक्याला ठिपका जोडत रेघ निघाली, गाणं सावकाश चाललं. मी कप घेऊन आले तेव्हा एकच कोपरा उरला होता. तिथे यंत्र थांबलं. फितीचा शेवट झडला होता.

"आता चाल बराबर हाय," मामा म्हणाले.

भावोजी कप हातात धरून बघत राहिले.

जाऊबाईंच्या वहीत प्रोग्रामची ती शेवटची ओळ मला सापडली. "एवढीच टाइप करायची आहे, भावोजी."

"करतो की. घाई काय आहे?"

माझ्या यादीत त्या दिवशीची तीन कामं आहेत. फ्रीज चालू करणे, झालं. प्रोग्राम बोर्डात साठवून कॅसेट कायमची डब्यात ठेवणे, झालं. शेवटची ओळ, भावोजी. दर रविवारी मी त्याच पातेल्यात चहा टाकते, रांगोळी त्याच कोपऱ्यात थांबते, आणि त्या कामापुढे अजून खूण नाही. मी आठवणही करून देत नाही.