चोरांसाठी लिहिलेली वही

ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या बाईने नातवंडं खेळवावीत, असं माझ्या सुनेचं मत. मी स्वरलिप्या खेळवते. ज्यांच्यावर आता कुणाचाच हक्क उरलेला नाही अशा जुन्या स्वरलिप्या स्कॅन करायच्या आणि वाद्य, राग, रचनाकार अशी नोंद करून इंटरनेटवरच्या एका मोफत संग्रहात चढवायच्या. चुकीची नोंद मला खपत नाही. आमच्या मिठाच्या डब्यावरही मी 'मीठ' अशी चिठ्ठी लावलेली आहे.

गल्लीच्या तोंडाशी एका बँडमास्तरांचं दुकान आहे. डीजे आल्यापासून तिथे गिऱ्हाइकांपेक्षा धूळच जास्त. त्यांनी आजोबांची वरातीच्या धुनांची वही मला दिली. आजोबा वारून साठ वर्षं कधीच उलटली होती, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. रचनाकाराच्या रकान्यात आजोबांचं नाव दिसल्यावर मास्तर मोबाइल घेऊन अख्खी पेठ फिरून आले.

महिन्याभरात कुणा परगावच्या वादकाने त्या नोंदीखाली सगळ्यांना दिसेल असा अभिप्राय टाकला: धुना बेसूर, रचनाकार नवशिका असावा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वही घेऊन तडक दुकानात.

धुना खरंच बेसूर आहेत का, असं विचारल्यावर मास्तर आधी खो खो हसले. पूर्वी दुसरे बँडवाले वह्या पळवायचे, म्हणून आजोबा प्रत्येक ओळीत एक सूर मुद्दाम खोटा लिहीत आणि खरा फक्त आपल्या वादकांना तोंडी सांगत. चोराने ती धून वरातीत वाजवली की त्याची फजिती ठरलेली. मग मी अभिप्राय वाचून दाखवला आणि त्यांचं हसू मावळलं. खरे सूर माहीत असलेले आता ते एकटेच उरले होते. सांगावेत तर घरचं गुपित जाणार, न सांगावेत तर आजोबा जगभर बेसूर ठरणार.

आठवडाभर त्यांनी मला टाळलं. एकदा दाढ दुखत होती, एकदा जवळच्या कुंभारी गावात लग्न होतं. मग एका दुपारी आपणहून क्लॅरिनेट घेऊन आले. ते वाजवत गेले, मी ओळीमागून ओळ दुरुस्त करत गेले. अगदी शेवटच्या ओळीवर त्यांनी हात ठेवला.

"हितला एक खोटाच राहू द्या की, बाई."

मी कारण विचारलं.

"सगळंच सांगून टाकलं तर मला विचारायला कोण येणार?"

जाणूनबुजून चूक ठेवायची म्हणजे माझ्या अगदी जिवावर आलं. पण ठेवली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: शेवटच्या ओळीतला एक सूर खोटा आहे. खरा हवा असल्यास सोलापूरला यावे. मास्तर चारनंतर दुकानात असतात.