मागची दोन चाकं

रस्ता ओला असला की डॉक्टर बोलता बोलता थांबायचे. समोर गिऱ्हाईक असो, कंपनीचा माणूस असो, हातात चहाचा कप असो. कोपऱ्यावर एखादी गाडी वळायला लागली की त्यांची मान किंचित तिकडे कलायची. पुढची दोन चाकं वळल्याचा आवाज यायचा, पाणी चिरत गेल्यासारखा. मग अर्धा क्षण काहीच नाही. मग मागची दोन. ती आली की डॉक्टर श्वास सोडायचे आणि अडलेलं वाक्य जिथल्या तिथून पुढे सुरू करायचे. नेहमीच्या लोकांना याची सवय झाली होती. त्यांना वाटायचं, वय झालं, ऐकायला कमी येत असेल. तसं असतं तर डॉक्टरांना बरंच वाटलं असतं.

डॉक्टर म्हणजे टायरवाले. ही पदवी त्यांना समोरच्या घड्याळजींनी बहाल केली होती. दुकानात गाडी आली की हे गृहस्थ आधी मालकाशी बोलतच नसत. खाली उकिडवे बसून टायरवरून तळहात फिरवत. रबरात अंगठ्याचं नख रुतवून ती खूण किती वेळात भरून येते ते बघत. टायरच्या कडेला कोरलेल्या चार आकड्यांवरून तो कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात तयार झाला ते वाचत. मग गुडघ्यावर हात टेकून उठत आणि सांगत, ब्रेक फार उशिरा दाबता तुम्ही. किंवा, डावीकडच्या चाकात महिनाभर तरी हवा कमी होती. गिऱ्हाईक चोरी पकडल्यासारखं ओशाळायचं, आणि रस्त्यापलीकडून घड्याळजींचा आवाज यायचा, "अरे, तपासणीची फी घेत जा की, डॉक्टर!" नाव असं चिकटलं की खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं.

टायर कोणता घ्यावा, हे सांगताना त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. पकड, टिकाऊपणा आणि किंमत म्हणजे एका स्वयंपाकघरातल्या तीन जावा. मऊ रबर ओल्या रस्त्याला घट्ट धरतं, पण भराभर झिजतं. कडक रबर वर्षानुवर्षं संपत नाही, पण पाण्यात परक्यासारखं वागतं. दोन्ही गुण एकाच टायरमध्ये असतात कधीकधी, मात्र त्याची किंमत ऐकून माणूस प्यायला पाणी मागतो. तेव्हा तुम्ही कुठे जाता, किती जाता, गाडीत कोण बसतं, हे आधी सांगा. कुठल्या जावेला मोठेपण द्यायचं ते मग बघू. लोक हसायचे आणि खरं काय ते सांगून टाकायचे.

नऊ वर्षांपूर्वी घड्याळजी स्वतःच गाडी घेऊन आले होते. चारही टायर उतरणीला लागलेले. हाताशी पैसे होते त्यात चार स्वस्तातले आले असते, किंवा दोन चांगले. डॉक्टरांनी दोन चांगले घ्यायला सांगितलं. धरणाच्या रस्त्यावर तुझं जाणं-येणं आहे, पकड बघ, उरलेले दोन अजून सहा महिने ओढतील. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग घड्याळजी म्हणाले, नवे पुढे घाल, निदान बायकोच्या नजरेला तरी पडतील.

नवे दोन टायर मागे घालायचे असतात, हे डॉक्टरांना माहीत होतं. कंपनीच्या प्रशिक्षणात त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. एका मोकळ्या मैदानावर पाणी मारलं होतं. नवे टायर पुढे घातलेली गाडी वळणावर आली, तिची पुढची चाकं इमानाने वळली आणि झिजलेली मागची चाकं पाण्यावर सुटली. गाडी भोवऱ्यासारखी गरकन फिरली. तीच गाडी, नवे टायर मागे घालून, थोडी सरळ घसरली पण ताब्यात राहिली. परत आल्यावर डॉक्टरांनी वर्षभर प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगितलं. लोक ऐकत नसत. इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, आणि नवे टायर मागे कशाला? प्रत्येकाशी तोच वाद, तीच उदाहरणं. घड्याळजी आले त्या दिवशी सकाळपासून तिघांशी तो वाद घालून झाला होता. चौथ्यांदा त्यांना कंटाळा आला. एवढंच. त्यांनी नवे टायर पुढे घातले, नट आवळले, आणि दोघांनी मिळून चहा घेतला.

सतराव्या दिवशी, भर दुपारी, धरणाच्या वळणावर घड्याळजींची गाडी गरकन फिरली आणि कठड्यावर आदळली. पाऊस थांबून तासही झाला नव्हता. पंचनाम्यात लिहिलं, रस्ता निसरडा, वेग जास्त. टायरचं कुणी काही विचारलं नाही.

तीन महिन्यांनी भंगारवाल्याकडे ती गाडी आली, तेव्हा डॉक्टरांनी तिचे मागचे दोन टायर मागून घेतले आणि दुकानाच्या माळ्यावर ताडपत्रीखाली ठेवले. का ठेवले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. टाकवत नव्हते, इतकं खरं. बायकोला वाटायचं, न खपलेला माल आहे. ती अधूनमधून म्हणायची, त्यांना आता पेन्शन तरी सुरू करा. डॉक्टर हसायचे, पण माळ्याकडे बघायचे नाहीत.

त्यानंतर ते रस्ता ओलांडून समोर गेले नाहीत. घड्याळाचं दुकान आता मुलगी चालवायची. वडील गेले तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होती. शिकणं सोडून त्यांच्या खुर्चीत बसली आणि डोळ्याला भिंग लावून हळूहळू सगळं शिकली. डॉक्टर इकडून हात करायचे, ती तिकडून मान हलवायची. मनगटावरचं घड्याळ बंद पडलं की डॉक्टर दोन गल्ल्या सोडून एका अनोळखी दुकानात सेल बदलून आणायचे. बायको म्हणायची, "समोर घड्याळाचं दुकान, आणि आमचे हे निघाले सेल शोधायला गावभर." ते चपला घालून निघायचे. ती मग विषय वाढवायची नाही. पण एकदा तिने विचारलं होतं, त्यांचं काही देणं लागता का आपण? डॉक्टर म्हणाले होते, हो. आणि उठून अंघोळीला गेले होते.

मुलगी आली ती एका भुरभुरत्या सकाळी. दुकानासमोर तिने एक जुनी, लहानशी गाडी उभी केली आणि उतरली. भिंग कपाळावर चढवलेलं तसंच होतं. आईच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या. धरणापलीकडच्या इस्पितळात तिला आठवड्यातून दोनदा न्यायचं होतं. म्हणून ही गाडी. आणि म्हणून टायर.

डॉक्टर खाली बसले. तळहात फिरवला, नख रुतवलं. खूण उमटलीच नाही. रबर सुकून दगड झालं होतं. चारही बदलावे लागतील, ते म्हणाले. मुलगी म्हणाली, आत्ता दोनच जमतील, चांगल्यातले, पुढे घाला. डॉक्टर म्हणाले, चारही घालतो, दोनांचं नंतर बघू, नाही बघितलं तरी चालेल.

"फुकटचं नको, काका," ती म्हणाली. "तुम्ही एक सेल बदलायलासुद्धा आमच्याकडे येत नाही. मग मी कुठल्या तोंडाने घेऊ?"

तिला हे माहीत असेल, असं डॉक्टरांना वाटलं नव्हतं. त्यांनी मागच्या टायरवरून पुन्हा एकदा तळहात फिरवला. मग म्हणाले, ठीक, दोनच, पण मागे घालतो. आणि मागचे त्यातल्या त्यात बरे आहेत, ते पुढे घेतो. बाकीचे दोन महिन्याच्या आत बदलायचे, तोवर ओल्यात अगदी सावकाश.

मागे कशाला, असं मुलीने विचारलं. गाडी विकणाऱ्याने पुढे घालायला सांगितलं होतं. सगळेच पुढे घालतात.

"बाबांनीही पुढेच घातले होते ना?"

तेवढ्यात कोपऱ्यावर एक गाडी वळली. पुढची दोन चाकं पाणी चिरत गेली. मग तो अर्धा क्षण आला.

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले.

मागची दोन चाकंही गेली.  डॉक्टर उठले, भिंतीला शिडी लावली, माळ्यावर चढले आणि ताडपत्री बाजूला करून एकेक टायर खाली सोडला. नऊ वर्षांची धूळ उडाली. मग त्यांनी सगळं सांगितलं. मैदानावर काय पाहिलं होतं ते, सकाळचे तीन वाद, चौथ्या वेळचा कंटाळा. चहासुद्धा वगळला नाही. बोलताना ते टायरकडे बघत होते, तिच्याकडे नाही.

 मुलगी रस्ता ओलांडून गेली आणि वडिलांचं पितळी कॅलिपर घेऊन आली. भिंग डोळ्यावर उतरवलं, जमिनीवर बसली आणि एकेका खाचेची खोली मोजली. घड्याळाचा आस मोजावा तशी, तीन ठिकाणी, दोन्ही टायरची.

"अडीच मिलिमीटर."

"कायद्यात बसतं," डॉक्टर म्हणाले. "मी बसत नाही."

तिने भिंग वर केलं. डोळ्याभोवती त्याचा गोल वळ उमटला होता.

"बाबा कधी जोरात चालवत नसत," ती म्हणाली. "मला माहीत होतं. पण कागदावर तसं लिहिलं, आणि आईने ते खरं मानलं. नऊ वर्षं ती त्यांच्या फोटोशी भांडते आहे. कसली घाई होती तुम्हाला, म्हणते. रोज."

डॉक्टरांनी आजवर स्वतःला बरंच काही बोलून घेतलं होतं. पण मेलेल्या माणसाला घरातल्या घरात रोज बोलणी बसत असतील, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. ते खाली बसले, एका टायरवर हात टेकून, आणि मग तो कुठला टायर आहे ते कळून त्यांनी हात काढून घेतला.

मुलगी उठली. "नवे मागे घाला," ती म्हणाली. "पैसे मी पूर्ण देणार. आणि हे आईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. ती आत्ता दुकानातच बसली आहे."

डॉक्टरांनी गाडी जॅकवर चढवली. या कामाला त्यांना एरवी वीस मिनिटं लागत. त्या दिवशी तासाच्या वर गेलं. मागचे त्यातल्या त्यात बरे टायर पुढे घेतले, नवे मागे चढवले, प्रत्येक नट समोरासमोरच्या क्रमाने आवळला आणि पुन्हा एकदा तपासला. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. ती रागावली आहे की नाही, हे त्यांना कळलं नाही आणि विचारायची सोयही नव्हती. मग त्यांनी हात साबणाने दोनदा धुतले. नखांतलं काळं तेवढं गेलं नाही.

रस्ता ओलांडायला पंधरा पावलं लागली.

आत तशीच घड्याळं होती, प्रत्येकाची आपापली टिकटिक. मागच्या बाजूला, फोटोखाली, खुर्चीवर घड्याळजींची बायको बसली होती. पायांवर सूज होती, पण नजर पूर्वीसारखीच धारदार.

"भावोजी?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी? सेल संपला वाटतं."

"नाही, वहिनी," डॉक्टर म्हणाले. तिने दाखवलेल्या स्टुलावर ते बसले. फोटोकडे एकदा बघितलं. "त्यांना घाई नव्हती. त्या दिवशी घाई मला होती. टायर घालताना मी..."

बाहेर कोपऱ्यावर गाडी वळली. पुढची दोन चाकं पाण्यातून गेली. डॉक्टरांची मान सवयीने तिकडे कलली. पण मागच्या दोनांसाठी ते थांबले नाहीत. थांबले असते तर ते वाक्य पुन्हा सुरू झालं नसतं.