पेटीमास्तरांचं कुलूप

पेटीमास्तर एसटीत पेटीचं अर्धं तिकीट काढायचे. कंडक्टर म्हणायचा, "सामान हाय, टपावर टाका." मास्तर पेटीला कवटाळून म्हणायचे, "सामान न्हाई, लेकरू हाय माझं. अर्धं द्या." मागचे लोक हसायचे, कंडक्टर वैतागून तिकीट फाडायचा आणि औशाहून लातूरला जाताना खिडकीजवळ पेटी बसायची, तिच्याशेजारी मास्तर आणि मी, त्यांची लाडकी शिष्या, दांडीला लोंबकळत उभी. मला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट ऊर भरून यायचा. केवढी ही कलेची कदर!

या लेकराला दुसऱ्याचा हात लागलेला मात्र चालत नसे. एकदा मी नुसती बोटाच्या टोकानं एक पट्टी दाबली तर माझ्या हातावर चापट बसली. "पेटी म्हंजी बायकू असती नंदे. दुसऱ्याच्या हातात देत नसत्यात." लेकरू की बायको, ते एकदाचं ठरवा, असं त्यांना म्हणायची अक्कल मला फार उशिरा आली.

आमची ओळख दुष्काळाच्या सालातली. शाळेत सरकारी सुकडी, गोड भाजलेलं पीठ, मिळायची. पातेलं यायला उशीर झाला की पोरं ताटल्या बडवून गुरुजींचं डोकं उठवायची, म्हणून हेडमास्तरांनी या पेटीवाल्याला व्हरांड्यात बसवलं होतं. मजुरी काय, तर पोरांबरोबर दोन ओंजळी सुकडी. एक दिवस पातेलं दिसलं आणि मी ताटली वाजवत "आली गं सुकडी आली" असं काहीतरी गायला लागले. पेटी थांबली. मास्तरांनी मला जवळ बोलावलं.

"ही चाल कुठं ऐकलीस?"

"कुठंच न्हाई. आत्ता आली."

"खोटं बोलू न्हाई."

"आईशप्पथ, मास्तर. भूक लागली का चाल येती मला."

त्यांनी आपल्या वाट्याची सुकडी माझ्या ताटलीत ओतली. एवढं प्रेम मला घरात कुणी केलं नव्हतं. तेव्हापासून मास्तर म्हणतील ती पूर्व.

मी मोठी होत गेले, गात गेले, आणि लातूर जिल्हा झाला. माणसांना जिल्हा झाल्याचा आनंद असतो. मास्तरांना रोजगार झाला. रोज कशाचं तरी उद्घाटन. आज कचेरी, उद्या दवाखाना, परवा पाण्याची टाकी. टाकीत पाणी नव्हतं, पण स्वागतगीत होतं. मास्तर शब्द जुळवून आणायचे, मी संध्याकाळपर्यंत चाल बांधायची आणि दुसऱ्या दिवशी जरीकाठाचं परकर-पोलकं घालून गायची. माइकवरून पुकारा व्हायचा, "गीत आणि संगीत : मास्तर." मी एकदा भीत भीत विचारलं तर म्हणाले, "पोरीच्या जातीचं नाव माइकवर चांगलं दिसत न्हाई. तुझ्या अप्पाच्या इज्जतीची फिकीर हाय मला." मी घरी येऊन अव्वाला, म्हणजे आईला, सांगितलं, मास्तर आपली केवढी काळजी घेतात! अव्वा भाकरी थापता थापता म्हणाली, "घेतात खरं." मला त्यातला टोमणाही कळला नाही.

त्या कमाईतून मास्तरांनी नवी पेटी घेतली. तिच्या कडेला पितळेची एक मूठ होती.

"मास्तर, ही मूठ कशाची?"

"कुलूप हाय. नवा जिल्हा, नवे चोर."

कुलूप आहे तर किल्ली कुठाय, हे सतरा वर्षांच्या त्या घोडीला सुचलं नाही. स्वतःला मात्र ती संगीतकार समजत होती.

अशात कळलं, की नांदेडच्या एका संगीत महाविद्यालयात चाल बांधायला शिकवणारा वर्ग निघालाय. प्रवेशाला परीक्षकांसमोर स्वतः बांधलेली चाल गाऊन दाखवायची. मी उपास धरला. अप्पांची अडत होती, त्यांनी अडतीसारखाच सौदा केला. "जागा मिळाली तर शीक. न्हाई मिळाली तर भोकरचं स्थळ पक्कं. अन् मास्तर संगं पाहिजेत." मी मास्तरांच्या पायाच पडले. ते दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले, "हाव. साथीला म्या सोता बसतो. दुसऱ्याला तुझा गळा काय कळणार?"

अव्वा आड कोरडा पडला तेव्हाचं दोन ओळींचं गाणं म्हणायची. मी त्याला चाल बांधली. "पाण्या, ये" मधला "ये" वरच्या सप्तकात उंच जायचा आणि तिथून हळूहळू खाली उतरायचा, पोहरा आडात सोडल्यासारखा. माझी पट्टी काळी चार. म्हणजे पेटीवरच्या त्या काळ्या पट्टीला सा धरला, की तो "ये" माझ्या गळ्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर बसायचा. त्याच्या वर जागाच नव्हती, आणि हे जगात दोघांनाच ठाऊक होतं.

वाटेत लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली. मास्तरांनी मला बर्फाचा लालभडक गोळा घेऊन दिला. "खा पोरी, ऊन लई हाय." पेटीला अर्धं तिकीट आणि मला गोळा. मी धन्य झाले.

परीक्षेच्या खोलीत मास्तरांनी पेटी उघडली. कट्ट असा आवाज झाला. "कुलूप काढलं," ते पुटपुटले. मी त्यांचं बोट पाहिलं, काळी चारवरच होतं. निर्धास्त सुरू केलं. पहिल्याच ओळीला गळा ताणल्यासारखा वाटला, पण म्हटलं, भीती असेल. मग "ये" आला आणि माझा आवाज मधोमध फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. मास्तर मान खाली घालून भाता मारत होते.

परीक्षक बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "चाल गोड आहे. पण ज्या मुलीला स्वतःचा गळा कुठवर जातो ते कळत नाही, ती दुसऱ्यांसाठी चाली काय बांधणार?"

परतीच्या गाडीत मी रडत होते. मास्तर म्हणाले, "गोळा बाधला तुला. म्याच देऊ नव्हता." पुढच्या आठवड्यात कुठल्याशा कचेरीचं उद्घाटन होतं. तिथं गळा असा लागला, की साहेब मान डोलावत होते. मी आनंदानं म्हटलं, "मास्तर, आज बगा कसा लागला!"

"हाव," ते म्हणाले. "आज गोळा खाल्ला न्हाईस ना."

दिवाळीनंतर मी भोकरला नांदायला गेले. बर्फावर असा दात धरला की पोटच्या लेकरांनाही कित्येक वर्षं गोळा खाऊ दिला नाही. त्यांनी काय काय रडावं! मी सांगायची, यानं माझा जन्म नासला.

माझी नात सध्या पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत चाली बांधायला आणि ध्वनिमुद्रण शिकायला अर्ज करून राहिलीय. संगणकावर गाणं रचते. तो मधेच बंद पडतो, पण ठरवून दगा देत नाही. परवा तिनं विचारलं, "आजी, तुला का नाही घेतलं गं?" म्हणून हे सगळं वर आलं.

मला खरं कळलं ते फार वर्षांपूर्वी, लेकीसाठी पेटी घ्यायला नांदेडला गेले तेव्हा. दुकानदारानं कडेची पितळेची मूठ ओढली, कट्ट झालं आणि सगळ्या पट्ट्या एकदम सरकल्या. "पट्टी बदलायची सोय आहे ताई. बोट त्याच जागी ठेवा, सूर दोन घरं वर."

मी दुकानातल्या स्टुलावर बसले. नवऱ्याला वाटलं, किंमत ऐकून.

दुसऱ्याच दिवशी औसा गाठलं. मास्तर थकले होते, वाजवणं सुटलं होतं. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "नंदे! किती दिसांनी गं! म्हण की काहीतरी." पेटी कोपऱ्यात होती. "मास्तर, आज मी वाजवू?" त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हो म्हणून मान हलवली.

मी मूठ ओढली. कट्ट. काळी चारवर बोट ठेवून अव्वाची ओळ सुरू केली. ते डोळे मिटून ऐकत होते. दुसरा शब्दही पुरा झाला नसेल, त्यांचा हात वर झाला.

"थांब, थांब. पट्टी चुकली. ही तुझी न्हवं. दोन घरं खाली ये, गळा फाटंल."

मी भाता सोडला. "मग त्या दिवशी कुणाची होती, मास्तर?"

ते डोळे उघडून म्हणाले, "तू गेली असतीस तर चाली कोन बांधल्या असत्या? जिल्ह्यात लोकं मला वळखाया लागले व्हते गं."

"मला सांगायचं होतं. बांधून पाठवल्या असत्या. नाव तुमचंच लावलं असतं."

हे मात्र खरं होतं. तेवढी येडी मी होतेच.

निघताना ते म्हणाले, "पेटी घेऊन जा नंदे. तुझीच हाय."

"नको. लेकरू तुमचं आहे. तिकीट तुम्हीच काढा."

लोह्याला गाडी बदलायची होती. मी खाली उतरले आणि लालभडक गोळा घेतला. डोक्यावर पदर, कपाळाला विभूती, अशी चांगली बाई पोरींसारखी गोळा चोखतेय म्हणून लोक बघत होते. शेवटच्या थेंबापर्यंत चोखला. भोकरची गाडी सुटल्यावर खिडकीकडे तोंड केलं, मनाशी काळी चार धरली आणि वरचा "ये" घेतला.

लागला.

कंडक्टर वळून म्हणाला, "काय झालं बाई?"

"काही नाही," मी म्हटलं, "भोकर एक. अख्खं द्या."