मानेसरच्या अलीकडची बोट

ज्या दुकानात गिऱ्हाईक असतं, तिथे किस्से साठत नाहीत. तिथली माणसं बिलं फाडण्यात दंग असतात. आमच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे किस्सेच किस्से! अजूनही भिशीला बायका म्हणतात, "वहिनी, तुमच्या त्या बोटीचं सांगा ना यार!" मी सांगते, सगळ्या हसतात. मीही हसते, पण घरी आल्यावर जरा उदासच वाटत राहतं.

मी साताऱ्याकडची. मिस्टर सैन्यात सुभेदार, पोस्टिंग दिल्ली कँटला. मुलं शाळेत गेली की क्वार्टर खायला उठायचं, म्हणून नोकरी धरली. गुडगाव तेव्हा काचेच्या इमारतींनी नुकतंच भरायला लागलं होतं. शेतं विकून रातोरात करोडपती झालेली माणसं काय घेऊ नि काय नको करत फिरत होती. ते बघून आमच्या चड्ढासाहेबांनी मानेसरच्या अलीकडे, हायवेला लागून, चक्क यॉटचं शोरूम काढलं. "गाडियाँ तो सब बेचते हैं!" असं त्यांचं म्हणणं. समुद्र तिथून हजार किलोमीटरच्याही पुढे, पण हे त्यांना सांगणार कोण? परदेशातून चाळीस फुटी नवीकोरी मोटर यॉट आणून त्यांनी अंगणात लोखंडी घोड्यांवर उभी केली. बोट आली आणि पाठोपाठ मंदी आली.

बोटीबरोबर मुंबईहून तांडेलकाका आले. मूळचे मालवणचे, तीस वर्षं समुद्रावर काढलेली. बोट चालवणं, इंजिन, रंगकाम, सगळं येणारा माणूस. चड्ढासाहेबांनी त्यांना शब्द दिला होता, "जिस दिन ये बिकेगी, आप इसके कप्तान बनके समुंदर पे जाओगे." दोन महिन्यांचा प्रश्न आहे असं घरी सांगून काका आले होते. बॅगसुद्धा लहानशीच आणलेली. मी कामाला लागले तेव्हा त्यांना वर्ष होऊन गेलं होतं.

*

येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला. सोहन्याकडचे एक सरपंच पांढऱ्या कपड्यांत, तीन गाड्या घेऊन आले. बोटीला एक प्रदक्षिणा घातली, बुडाशी दोन थापा मारल्या आणि विचारलं, "एवरेज के देवे सै?"

काका म्हणाले, "घंटे का अस्सी लीटर, साहब."

"अर चालै कितना सै?"

"अभी तक तो एक फूट भी नहीं चली!"

सरपंचांनी आमच्या सगळ्यांकडे फार कीव आल्यासारखं बघितलं. "इससे तो म्हारा ट्रैक्टर बढ़िया," म्हणाले आणि निघून गेले. मी त्यांचं नाव व्हिजिटर बुकात लिहून घेतलं. त्या आठवड्यातलं ते एकच नाव होतं.

*

काकांचा एक नियम होता. बोटीवर चपला-बूट चालायचे नाहीत. एक तर तिचा डेक सागवानी, ओरखडे उठतात. आणि दुसरं म्हणजे त्यांच्याकडे होडीला लक्ष्मी मानतात, लक्ष्मीवर कोणी बूट घालून चढतं का?

एकदा एक बिल्डर आले. अगदी तयार पार्टी, बरोबर त्यांचा सीए. शिडीशी आल्यावर काकांनी हात जोडले, "साहब, जूते." साहेब थबकले. सीएने पटकन बूट काढले, पण साहेब काही काढेनात. "ऊपर क्या देखना है, नीचे से ही दिख रही है," म्हणाले. मी गोड बोलून बघितलं, चड्ढासाहेबांनी खुणा केल्या, पण काका शिडीसमोरून हलले नाहीत. साहेब लाल होऊन गाडीत बसले ते गेलेच!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ड्रायव्हरने फोनवर सांगितलं, "मैडम, साहब का मोज़ा फटा हुआ था."

चड्ढासाहेब त्याच दिवशी करोल बागेत जाऊन नव्या मोज्यांचे चार डझन जोड घेऊन आले आणि रिसेप्शनवर ट्रेमध्ये मांडून ठेवले. त्यानंतर पाच महिने कोणी फिरकलं नाही. दिवाळीला आम्हाला बोनस म्हणून मोजे मिळाले!

*

राजौरी गार्डनचं एक कुटुंब म्हणालं, "ट्रायल के बिना तो हम स्कूटर भी नहीं लेते." चड्ढासाहेब म्हणाले, "बिल्कुल! ट्रायल देंगे!"

आता जमिनीवर बोटीची ट्रायल कशी देणार? काकांनी इंजिन तापू नये म्हणून बागेची पाइप जोडली. बापाने चाक धरलं, आई आणि मावशी पुढच्या गादीवर बसल्या. काकांनी दोन्ही इंजिनं सुरू केली. अख्खी बोट थरथरायला लागली, धूर निघाला. बापाने चाक डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, समोर हायवेवरून ट्रक चाललेले, त्यांना हात केले. पाच मिनिटांनी मावशी उठल्या, कठड्याशी गेल्या आणि भडाभडा ओकल्या.

"समुंदर की हवा मुझे कभी सूट नहीं करती," म्हणाल्या!

डील तिथेच संपलं. काका त्याच पाइपने बोटीची बाजू धूत राहिले. मी लिंबूपाणी घेऊन गेले, तर म्हणाले, "वयनी, इंजिन काय आवाज करी होता बघलात? एकदम तयार आसा ती." पार्टी गेल्याचं दुःख त्यांना झालं होतं, पण इंजिन बरं आहे याचा आनंद जास्त होता. मला मात्र तो आनंद बघवला नाही.

*

मंदी हटेना, तेव्हा चड्ढासाहेबांनी वास्तुवाले पंडितजी बोलावले. त्यांनी होकायंत्र काढलं आणि पहिला निकाल दिला की बोटीचं तोंड दक्षिणेला आहे. घोर दोष! क्रेन आली. दिवसभर खटपट करून बोट ईशान्येला फिरवली. तिचं नाक बरोबर ऑफिसच्या दारासमोर आलं, त्यामुळे आत-बाहेर करताना मान वाकवावी लागायची. चड्ढासाहेब उंच, त्यांना दोनदा लागलं.

महिन्याभराने पंडितजी पुन्हा आले. बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "एक कमी रह गई है. इसके नीचे जल होना चाहिए."

काका झटकन म्हणाले, "पंडितजी, यही तो मैं दो साल से बोल रहा हूँ!"

*

मग चड्ढासाहेबांनी गेटवर 'स्टॉक क्लिअरन्स' असा बोर्ड लावला. त्याने गर्दी झाली खरी. एक बाई आल्या, सरोजिनी नगरच्या स्वस्त बाजारात टॉप घ्यायला आल्यासारख्या. किंमत ऐकली, बोटीचा पडदा दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाल्या, "पिछले साल का माल है ना? आधे में दे दो." आणि मग वळून चालायला लागल्या, मागून हाक येईल म्हणून!

खरी गंमत ही, की चड्ढासाहेबांनी खरंच हाक मारली. पण बाई थांबल्या नाहीत.

*

बोटीला कंपनीची दोन वर्षांची वॉरंटी होती, ती आल्या दिवसापासून मोजलेली. पाण्याचा थेंब न बघता वॉरंटी संपली! त्यावर परदेशातून ग्राहक-समाधानाचा फॉर्म आला. समुद्रावरच्या कामगिरीबद्दल आपलं मत काय?

मी काकांना विचारलं, "काय लिहू?"

"लिवा, अजूनपर्यंत एकदाव बुडाक नाय!"

आम्ही दोघंही खूप हसलो. मग ते बोटीखाली जाऊन तिचा पंखा पुसत बसले. त्या आठवड्यात त्यांच्या लेकीचा साखरपुडा होता. एक पार्टी येणार होती, म्हणून चड्ढासाहेबांनी रजा दिली नव्हती. काकांनीही फार मागितली नाही. "आज बोट इकली तर कप्तान हजर होयो," म्हणाले. पार्टी आली नाही, फोनसुद्धा केला नाही. मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला, तर त्यांनी अर्धी पोळी कशीबशी खाल्ली.

*

आणि एक दिवस बोट विकली गेली. अगदी साधेपणाने! दिल्लीतल्या छतरपूरकडचे एक शेठ आले, बूट काढले, वर चढले, खाली उतरले आणि विचारलं, "साथ में क्या-क्या मिलेगा?"

चड्ढासाहेब यादी वाचायला लागले. "एसी, क्रॉकरी, गद्दे, म्यूजिक सिस्टम..."

"और ये?" शेठनी काकांकडे बोट दाखवलं.

"कप्तान? इन्क्लूडेड!"

काकांनी आम्हाला पेढे वाटले. केस कापून आले, दाढी घोटून आले. घरी फोन करून, "पाण्यार जातंय," म्हणून सांगितलं. तो फोन माझ्याच टेबलावरून केला. आणि त्याच टेबलावर माझ्यासमोर डिलिव्हरीचं चलन पडलेलं होतं, मीच टाइप केलेलं. त्यावर पत्ता मुंबईचा नव्हता. छतरपूरच्या एका फार्महाउसचा होता, जिथे लग्नं लागतात.

चड्ढासाहेब मला म्हणाले होते, "अभी मत बताना. दो साल बाद बंदा खुश हुआ है." मीही नाही सांगितलं. वर पेढाही खाल्ला. आजही कोणी पेढा पुढे केला की मला ते आठवतं आणि स्वतःची लाज वाटते.

सकाळी ट्रेलर आला. क्रेनने बोट चढवली. काका नारळ फोडून ड्रायव्हरशेजारी केबिनमध्ये बसले. आमचं शोरूम जयपूरकडे जाणाऱ्या बाजूला, त्यामुळे ट्रेलर गेटमधून निघाला तो जयपूरच्याच दिशेने, म्हणजे मुंबईच्याच! काकांनी खिडकीतून हात बाहेर काढून जोरजोरात हलवला. "येतंय वयनी!" म्हणून ओरडले. मी हात केला.

आम्ही तसेच गेटवर उभे होतो. दहा मिनिटांनी दुभाजकाच्या पुढच्या कटवरून यू-टर्न घेऊन तीच बोट हायवेच्या पलीकडच्या बाजूने परत आली आणि आमच्यासमोरून दिल्लीकडे गेली. खिडकीत काका दिसले. त्यांचा हात आत होता. चड्ढासाहेब आत गेले, आणि इतके दिवस सवय झालेली, दारात बोट नसतानाही मान वाकवून गेले.

*

चार महिन्यांनी चड्ढासाहेबांच्या भाचीचं लग्न त्याच फार्मवर निघालं. मला आमंत्रण होतं. जाऊ नये असं वाटत होतं, पण गेले.

दुपारची वेळ. हिरवळीच्या मधोमध सिमेंटचं तळं, बोटीच्या जेमतेम दुप्पट लांबीचं. त्यात आमची बोट तरंगत होती, झेंडूच्या माळांनी मढवलेली. काका पांढऱ्या शुभ्र युनिफॉर्ममध्ये, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. नवरी बोटीत बसली, डीजे सुरू झाला, काकांनी इंजिन चालू केलं आणि बोट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आणली. नवरी उतरली, टाळ्या पडल्या. मग काकांनी बोट मागे मागे नेत पुन्हा पहिल्या जागी लावली. दिवसाला दोन लग्नं असतात, प्रत्येक लग्नाला एकदा पुढे आणि एकदा मागे.

मी कडेला गेले. काका दोर बांधत होते. मी म्हटलं, "काका, मला पत्ता माहीत होता. मी सांगितलं नाही. चुकलं माझं."

"असांदे वयनी," ते म्हणाले. "पाणी तरी गावला."

"सोडून द्या हे. घरी जा ना!"

"ह्या वयात आता कोण ठेवतलो माका बोटीर? आणि लेकीचा लगीन आसा मे म्हयन्यात."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. दोन्ही हातांत ओला दोर, म्हणून ते म्हणाले, "जरा धरा, बायल आसा. स्पीकर लावा." मग हळूच हसले, "आता इचारतली बघा. तीस वर्षां एकच इचारता."

मी फोन त्यांच्या तोंडाशी धरला. पलीकडून आवाज आला, "खंय आसात?"

"बोटीर."

"पाण्यात?"

"पाण्यात."

"किनारो दिसता मां?"

काकांनी मान वर केली. समोर मांडव, डावीकडे जेवणाचे स्टॉल, उजवीकडे पार्किंग, मागे भिंत. सगळीकडे नीट बघून घेतलं.

"दिसता गो," ते म्हणाले. "चारय बाजूंनी दिसता."

"मगे बरां," ती म्हणाली.