सोनेरी पांघरुणाच्या सुरकुत्या

आत्याच्या हाताखालून गेलेल्या कापडावर सुरकुती राहत नसे. तीस वर्षं तिने पडदे आणि गणवेश शिवले. मग इंजिनीअर भाचीने तिला आपल्या प्रयोगशाळेत आणलं आणि आत्या यानांना ऊन-थंडीपासून जपणारी चकचकीत सोनेरी पांघरुणं शिवू लागली. महिन्याभरात ती सगळ्यांचीच आत्या झाली.

भाचीचं काम नजरेचं. दूर अवकाशात एक यान दुसऱ्याला जोडायचं, तर इथून निरोप पोचायलाच वीस मिनिटं लागतात. तोवर टक्कर होऊन जायची. म्हणून यानाने आपल्याच कॅमेऱ्याने पाहायचं, अंतर ओळखायचं आणि समोरच्या यानावरच्या जोडणीच्या गोल कड्याला जाऊन भिडायचं. त्याची तालीम काळ्या पडद्यांच्या दालनात चाले. एका टोकाला आत्याचं पांघरूण ल्यालेला यानाचा नमुना, दुसऱ्या टोकाला रुळावरचा कॅमेरा, आणि सूर्याच्या जागी एक प्रखर दिवा. कॅमेरा दर वेळी नाकासमोर चालत जाऊन कड्याला अलगद टेके. सोमवारी परीक्षक येणार होते. ते हो म्हणाले, तर तीन वर्षांची ही मेहनत खऱ्या यानावर चढणार होती.

शुक्रवारी भाचीच्या टेबलावर आत्याला एक फोटो दिसला. दहा वर्षं अवकाशात फिरलेलं यान. पांघरूण फुगलेलं, चुरगळलेलं, जणू पिळून तसंच दोरीवर टाकलेलं. आत्याला दालनातलं आपलं गुळगुळीत पांघरूण आठवलं. ती गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. जेवणाचा उघडलेला डबा तसाच झाकून ती भाचीकडे गेली.

"चाचणीआधी मी नमुन्याच्या पांघरुणावरून हात फिरवते. सुरकुत्या काढते."

"दर वेळी?"

"अगं, अंथरूण झटकल्याचा कुणी हिशेब ठेवतं का?"

भाची हसली नाही. दोघींनी मिळून पांघरूण चुरगळलं आणि दिवा लावला. घडीन् घडी लखलखू लागली. कॅमेऱ्याने एका चकाकीलाच कडं समजून तिकडे मान वळवली, तेव्हा भाचीने बटण दाबून त्याला थांबवलं. मग तिने स्वतःच फोन करून परीक्षा दोन महिने पुढे ढकलून घेतली आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. आत्याला मात्र एवढंच म्हणाली, की आता जरा वाईट शिव.

वाईट शिवणं आत्याला जन्मात जमलं नव्हतं. पहिली दोन पांघरुणं तर तिच्याही नकळत नीटच झाली. भाची म्हणाली, जित्याची खोड. पुढची अकरा मात्र एकाहून एक गबाळी निघाली: कुठे झोळ, कुठे फुगवटा, कुठे उसवलेला कोपरा. प्रत्येकावर कॅमेरा चुकला, आणि प्रत्येक चुकीतून भाचीने त्याला थोडं शहाणं केलं.

परीक्षकांसमोर बारावं गबाळं पांघरूण होतं. त्याच सकाळी चुरगळलेलं, कॅमेऱ्याने कधीच न पाहिलेलं. आत्या हात काखेत दाबून भिंतीशी उभी होती. कॅमेरा निघाला, चकाकीपाशी अडखळला, थांबला. जरा मागे सरला. पुन्हा निघाला, आणि कड्याला टेकला.

परीक्षक वहीत लिहू लागले. भाची भिंतीशी आली.

"आता फिरव हात, आत्या."

आत्या काखेतले हात सोडवून पांघरुणाजवळ गेली, तिने एका घडीवर बोट टेकवलं, आणि ती तशीच राहू दिली.