बेलार्मिनोंनी निमुळती केलेली नाळ

चिलोए बेटावर होड्या बांधण्यात बेलार्मिनो चिग्वाय यांची चाळीस वर्षे गेली होती. त्यांच्या होड्या पोटाला रुंद आणि नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बोथट असत. त्या सावकाश चालत, परंतु कलंडत नसत. डोन्या ओर्तेन्सिया या बाईंच्या नव्या होडीची नाळ मात्र त्यांनी प्रथमच निमुळती केली. पाणी कापत होडी वेगाने जाईल, असा त्यांचा होरा होता.

पहिल्या दोन फेऱ्या वाऱ्याविना पार पडल्या. त्यानंतर होडी रंगाच्या शेवटच्या हातासाठी आठवडाभर बेलार्मिनोंच्याच किनाऱ्यावर होती. ती परत नेल्यावर तिसऱ्याच दिवशी बाई दारात उभ्या राहिल्या. होडी नाक पाण्यात खुपसते, सुकाणूला जुमानत नाही आणि जराशा वाऱ्याने एका अंगावर झोपते, अशी त्यांची तक्रार होती.

“मिस्त्री, नाळ कापा आणि जुन्यासारखी बसवा. नाहीतर तुमची नजर गेली, हे मी बंदरभर सांगेन.”

बेलार्मिनोंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्यांनी प्रथम त्या डोळ्यावर संशय घेतला, नंतर बाईंवर. बाईंनी शीड मोठे लावले असावे, असे त्यांना वाटले. शीड मापून पाहिले. ते तेवढेच होते.

मग त्यांनी होडीच्या काठावर उभे राहून ती हलवली. होडी कलली आणि आळसाने, फार उशिरा सरळ झाली. तळाला भार कमी असल्याखेरीज असे होत नाही. त्यांनी फळ्या उचलल्या. तोल राखण्यासाठी त्यांनी मधोमध रचलेल्या दगडांपैकी निम्मेच उरले होते, आणि तेही सारे नाळेकडे टाकलेले. दगडांवर काजळी होती. एकाला शिंपल्याचा तुकडा चिकटला होता.

“हे मी केलं म्हणताय का?” बाईंनी विचारले.

 होडी किनाऱ्यावर होती त्याच आठवड्यात बेलार्मिनोंच्या बहिणीचे, एदेल्मिराचे, लाकडी घर बेटाच्या रीतीप्रमाणे साऱ्या गावाने ओंडक्यांवरून ओढून टेकडीवर नेले होते आणि तिने सर्वांना कुरांतो खाऊ घातला होता. खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिंपले, मांस आणि बटाटे शिजले होते.

बेलार्मिनोंनी जाऊन विचारले, तेव्हा एदेल्मिराने नाकारले नाही. “होडीसाठी मी न तडकणारे दगड निवडलेत, अशी फुशारकी तूच मारलीस, दादा. निम्मे तडकले, उरलेले मी परत नेऊन टाकले. आणि तीन ताटं चापलीस, तेव्हा नाही विचारलंस दगड कुठले ते.”

त्यांनी बाईंना सर्व खरे सांगितले आणि नवे दगड मधोमध रचले. भर वाऱ्यात होडी कलली, लगेच उठली आणि सुकाणूवरच्या एका बोटाने वळली.

“नाळ राहू दे,” बाई म्हणाल्या.

तेव्हापासून एदेल्मिराच्या अंगणातून धूर निघाला, की बाई होडीच्या फळ्या उचलून पाहतात.